‘ये’ म्हणायच्या दहा कविता

“काय पुलवर, पोर आली का चालत?” धर्मकर्ते वैरवन ओट्यावर बसता बसता म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं मानेचा घाम पुसायला लागले.

ह्यांनी मान खाली घातली. “बाकी सगळं झालंय ऐया. तेवढंच राहिलंय.”

“तेवढंच म्हणजे काय हो? अम्मनचे मुके घेऊन झाले तुमचे. मग एकदम चंद्राशी खेळायला नेऊन बसवलीत. मधे चालत यायला नको तिनं? का तुम्ही घेतलीत कडेवर?”

मी आतून सुंठीची कॉफी घेऊन येत होते. कडेवर हा शब्द कानावर पडला आणि मी पेला जरा जोरातच ठेवला. वैरवननी विषय सोडून पेला उचलला. देवळाचा सगळा कारभार त्यांच्या हातात आहे, पण माझ्या हातची कॉफी पिताना ते जपून असतात.

गावात ह्यांना सगळे पुलवर म्हणतात, म्हणजे कवी. सुडलैमुत्तू ह्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नाही. नोकरी ताडगुळाच्या सोसायटीत, वजनकाट्यावर. पण लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की ह्या माणसाला पडसं व्हावं तशी कविता होते. मला वाटलं, दोन-चार दिवसांत जाईल. गेली नाही. कुणाचं लग्न असो, गृहप्रवेश असो, मास्तर निवृत्त होवोत नाहीतर न्हाव्याचं नवं दुकान उघडो, ह्यांची कविता हवीच. गावात पहिली मिनीबस आली तेव्हा चाकाखाली लिंबं ठेवायच्या आधी तिच्यावरची कविता वाचली गेली. निवडणुकीत दोन्ही बाजूचे लाउडस्पीकर ह्यांचीच कविता ओरडत होते, आणि ऐकणाऱ्याला दोन्हीकडचं खरं वाटत होतं. आमच्या गावात कुठल्याही घरी जा, भिंतीवर काचेच्या चौकटीत ह्यांनी केलेली लग्नाची कविता असते, आणि तिच्याखाली बसून तेच नवराबायको भांडत असतात.

कविता करायची ह्यांची रीत एकच. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं सूप घ्यायचं, शेंगा फोडायच्या आणि बोलत जायचं. लिहून घ्यायला आमची लेक गोमती. ह्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी ह्यांनाच लागत नाही. गोमती बाजूला जमिनीवर बसून लोकांचे ब्लाउज शिवते, हातानं चाक फिरवायचं मशीन पाटावर ठेवून. कविता आली की चाक थांबतं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिल चालते, कविता संपली की पुन्हा चाक.

सेल्लियम्मनच्या देवळाचं काम पुरं होऊन तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, कुंभाभिषेक ठरला, तेव्हा वैरवननी ह्यांना अम्मनवर पिळ्ळैतमिळ करायला सांगितलं. देवीला आपलं तान्हं लेकरू समजायचं आणि शंभर कविता करायच्या, दहा-दहांचे दहा वाटे. आधी देवांना सांगायचं, हिला सांभाळा. मग तिनं मान डोलवायची, मग अंगाई, मग टाळ्या, मग मुका. आणि मग सहावा वाटा. लेकरू वर्षाचं होऊन गेलं की त्याला हात पसरून म्हणायचं, ये. दहा कविता, प्रत्येकीचा शेवट त्या ‘ये’नं. जाणते लोक तोच वाटा ऐकायला येतात. बाकीचा कुणीही करतो म्हणतात.

ह्यांनी मुका संपवला आणि गोमतीला म्हणाले, “पाप्पा, पुढचा मागाहून करू. चंद्राचं घे.” पाप्पा म्हणजे छकुली, एवढी मोठी झाली तरी हाक तीच. गोमतीनं वर बघितलं नाही, चंद्राचं घेतलं. मग सागरगोट्या, मग नदीतली अंघोळ, मग झोपाळा. नव्वद झाल्या आणि शेंगा तशाच राहायला लागल्या.

का ते मला ठाऊक होतं. गोमती तेराव्या महिन्यात भिंतीला धरून उभी राहत होती. आज-उद्या पाऊल टाकेल असं होतं. ताप आला. ताप गेला तो कमरेखालचं सगळं घेऊन गेला. आता ती एकतीस वर्षांची आहे. दोन्ही हातांत हवाई चपला अडकवून जमिनीवर बसून सरकते, आणि माझ्या घरात ती कुठं जात नाही अशी जागा नाही. मी तिला उचलत नसे. पाण्याचा तांब्या न्हाणीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायची आणि म्हणायची, ये, घे. गल्लीतल्या बायका म्हणत, पेच्चियम्माळचं काळीज दगडाचं आहे. म्हणोत. त्यांच्या चालत्या मुली आज माझ्या मुलीकडून ब्लाउज शिवून नेतात आणि आधी उसवलेलं दुरुस्त करून मागतात.

हे मात्र उचलत. शाळेत उचलून, दवाखान्यात उचलून, देवळात तर उचलूनच, कारण देवळात चपला चालत नाहीत आणि तिच्या चपला हातात. कमरेत लचक भरली तरी उचलत.

चार दिवसांनी वैरवन पुन्हा आले, ते आवुडैयप्पन सरांना घेऊन. हे सर हायस्कुलात तमिळ शिकवत होते, आता निवृत्त. ग्रंथ वाचायच्या सभेचे अध्यक्ष तेच. पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले, बोलताना दोन बोटं वर.

“सुडलैमुत्तू,” सर म्हणाले, “नव्वदवर ग्रंथ सोडला तर ते पांगळं काम होईल. गावाला चांगलं नाही. तुम्हाला जमत नसेल तर त्यात लाज कसली? तो वाटा मी करतो. ग्रंथावर दोघांची नावं घालू.”

हे म्हणाले, “तुम्ही केलात तर उत्तमच होईल सर.”

मी दारातच होते. “सर, तुमच्या घरी नातवंडं आहेत ना?”

“आहेत की. तीन.”

“मग त्यांना ये म्हणा. आमच्या घरातल्या लेकराला आम्ही म्हणू.”

“अम्मा, हा भाषेचा विषय आहे.”

“असेल. मी तिसरी शिकले. पण पाच महिने ह्या ओसरीत लेकरू वाढतंय, कढी-भात मी घातलाय. आता चालायच्या वेळेला शेजारी देऊ होय?”

वैरवन हसले, सर हसले नाहीत. “कुंभाभिषेकाच्या आठवडाभर आधी मला स्वच्छ प्रत पाहिजे,” एवढं म्हणून उठले.

ते गेले आणि मी ह्यांच्यासमोर शेंगांचं सूप आपटलं. “चार हजार माणसांच्या गावात कुणाचं काही राहिलं नाही तुमच्या तोंडून. बसवर केलीत, बैलावर केलीत. त्या मुरुगेसनच्या टकलावरसुद्धा केलीत. आणि हे दुसऱ्याला देताय?”

हे बराच वेळ एकच शेंग हातात फिरवत राहिले. मग हळू म्हणाले, “ये म्हटलं की पुढच्या ओळीत पाय येतात पेच्ची. इवली पावलं, पैंजण. तसंच करतात ते. पाय आले की माझं तोंड मिटतं.”

मशीनचं चाक थांबलं.

“अप्पा,” गोमती म्हणाली, “तुम्ही मला कधी ये म्हणालातच नाही.”

“काय बोलतेस पाप्पा?”

“मी दारात दिसले की तुम्ही उठून येता. मी हात पुढं करायच्या आधी उचलता. अम्मा म्हणते ये. ओरडून म्हणते, शिव्या घालत म्हणते, पण ये म्हणते. तुम्ही म्हणता, थांब, आलो.”

ह्यांच्या हातातली शेंग सुपात पडली.

“मी दारापासून चुलीपर्यंत जाते ते येणंच आहे ना? का दुसरं काही म्हणतात त्याला?”

“पण पाप्पा, अम्मनला असं जमिनीवरून…”

“अम्मनला चालत नसेल तर तिच्यासमोर मला नेता तरी कशाला?” तिनं कॅलेंडरचं पान उलटं केलं, मशीनखालच्या पाटावर सरळ लावलं, पेन्सिल जिभेवर टेकवली. “सांगा. लिहिते.”

  मी आत गेले आणि चिंच भिजत घातली. चिंच भिजली, कोळून झाली. मग बाहेर एक शेंग फुटली. मग दुसरी. मग हे बोलायला लागले, आधी चाचरत, मग नेहमीसारखे:

बांगड्यांचा नाद आधी, मागून तू ये.
तळहाताला माती, मातीची तू लेक, ये.
दार उघडं आहे, दिवा भरलेला आहे,
आम्ही आहोत इथेच. घाई नाही, ये.

दिवेलागण व्हायच्या आत दहाही झाल्या. पुळिकुळंबू, आमची चिंचेची आमटी, जरा करपली त्या दिवशी. तशीच खाल्ली सगळ्यांनी.

आवुडैयप्पन सर वैरवनना घेऊन प्रत न्यायला आले तेव्हा त्यांनी तो वाटा तिथंच उभ्यानं वाचला. वाचताना ओठ हलत होते. शेवटी त्यांनी पानं मिटली.

“पैंजण कुठे आहेत?”

“बांगड्या आहेत सर,” हे म्हणाले.

“ह्या वाट्यात लेकरू पायांवर येतं. शेकडो वर्षं असंच आलंय. तुम्ही जगन्मातेला फरशीवरून सरपटत आणताय.”

“सर,” मी म्हणाले, “आमच्या सेल्लियम्मनची मूर्ती कुठंपर्यंत आहे?”

सरांनी पानं पुन्हा उघडली, तेव्हा मीच सांगितलं.

“कमरेपर्यंत. खाली जमीन. आमच्या आजे-सासऱ्यांच्या वेळी तळं उपसताना तेवढीच वर आली, आणखी खणायला कुणाची छाती झाली नाही. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“पाय जमिनीखाली आहेत अम्मा.”

“मग कवितेतसुद्धा परकराखाली आहेत समजा.”

वैरवनना ठसका लागला. सर मात्र पक्के. त्यांचंही बरोबर होतं त्यांच्या जागी, जन्मभर त्यांनी मुलांना तेच शिकवलं होतं. दोन बोटं वर करून ह्यांना म्हणाले, “बघा सुडलैमुत्तू, अरंगेत्रम म्हणजे नुसतं वाचन नाही. भर सभेत ग्रंथ वाचायचा, कुणीही थांबवू शकतो, कवीनं उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही तर तेवढं मागं घ्यायचं. मी थांबवणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि माझ्या दहा मी लिहून आणणार आहे. तुम्ही तुमच्या मागं घेतल्यात की त्या जागी ह्या वाचल्या जातील.”

ते गेल्यावर मी म्हणाले, “उत्तर तयार करा.”

“बघू,” हे म्हणाले.

बघू म्हणजे नाही. ह्या माणसानं हजारो कविता केल्या असतील, वाद एक केला नाही. सोसायटीत वजनावरून कुणी आवाज चढवला की हे पुन्हा वजन करत. मी रोज सकाळी इडली वाढताना विचारायची, उत्तर झालं का? हे चटणीत बोट फिरवत बसायचे. चौथ्या दिवशी मी म्हणाले, “तुम्ही नसाल बोलणार तर मी उभी राहते.”

“तू उभी राहिलीस तर सभा बसेल का?” हे म्हणाले.

गोमती हसली. मला हसू आलं नाही. त्या दहा मागं घेतल्या असत्या तर ह्या घरात पुन्हा शेंगा फुटल्या नसत्या, एवढं मला कळत होतं.

अरंगेत्रमच्या दिवशी मंडप भरून गेला होता. केळीचे खांब, नादस्वरम, चंदनाचा वास. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मधे अम्मनच्या समोर चौरंगावर ग्रंथ रेशमी फडक्यात, मागं हे, गळ्यात हार, त्यात हे आणखीच बारीक दिसत होते. उजव्या हाताला अध्यक्ष. त्यांच्या मांडीवर त्यांची दहा पानं, मला लांबूनही दिसली.

गोमतीनं दरवाज्यात हातातल्या चपला काढून इतरांच्या चपलांच्या ओळीत ठेवल्या. माझ्या दिराच्या मुलांनी तिला नेहमीसारखी उचलून आत आणली आणि बायकांच्या बाजूला, अगदी मागच्या खांबाला टेकवून बसवली. मी शेजारी.

वाचन सुरू झालं. ह्यांचा आवाज मोठा नाही, पण वाचताना कुठून तरी येतो. राखण झाली, मान डोलली. अंगाईला दोन-तीन म्हाताऱ्या खरंच पेंगल्या. टाळ्यांच्या वाट्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुक्याच्या शेवटच्या कवितेला वैरवननी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मग सहावा. पहिली कविता ह्यांनी वाचली. शेवटचा ‘ये’ म्हणून थांबले, आणि सरांची दोन बोटं वर गेली.

“कवींनी थांबावं,” सर म्हणाले. “ह्या वाट्यात लेकरानं पायांवर यावं असा संकेत आहे. इथं देवी हातांवर येते. हे कोणत्या आधारानं?”

 पुरुषांच्या बाजूनं एक जण म्हणाला, “बरोबर विचारलंय.” दुसरा म्हणाला, “ऐकू तर द्या.”

ह्यांनी ग्रंथाकडे पाहिलं. मग मान वर केली. मला वाटलं, झालं, आता हात जोडणार आणि मागं घेणार. माझे गुडघे उठायला निघाले होते.

पण हे सरांकडे बघत नव्हते. सगळ्या डोक्यांवरून मागच्या खांबाकडे बघत होते. आणि तीच कविता त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटली, ह्या वेळी पानाकडे न बघता. शेवटाला आले, उजवा हात पुढं केला, आणि म्हणाले, “घाई नाही, ये.”

माझ्या शेजारी बांगड्या वाजल्या.

गोमतीनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले, अंग उचललं, पुढं टेकवलं. पुन्हा तळवे. बायका वळून बघायला लागल्या. पुढं बसलेल्या एकीनं घाईघाईनं मांडी आवरली, दुसरीनं पोराला ओढून घेतलं. मंडपाची फरशी खडबडीत, त्यावर दिव्यांचं तेल आणि नारळाचं पाणी सांडलेलं. एका जागी तिचा हात घसरला आणि ती कोपरावर आली. दिराचा थोरला मुलगा उठला.

“हात लावू नकोस,” मी म्हणाले.

“पेरियम्मा, पडेल ती.”

“पडू दे. बोलावणं तिला आलंय, तुला नाही. बस.”

तो बसला. ह्यांनी दुसरी कविता म्हटली, तिसरी म्हटली. प्रत्येक कवितेच्या शेवटी थांबत होते, ती थोडी पुढं आली की पुढची सुरू करत होते. चौथीनंतर तिनं मधे थांबून तळवा परकराला पुसला. सगळी सभा तेवढा वेळ थांबली. पाचवीपासून ‘ये’ आला की बायका हळू आवाजात मागून म्हणायला लागल्या. मग पुरुषही. नादस्वरमवाला वाद्य मांडीवर ठेवून म्हणत होता. ह्यांचा आवाज आठवीला फाटला. ते थांबले, पाणी प्यायले, पुन्हा आठवी पहिल्यापासून म्हटली. चौरंगामागून उठले मात्र नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस लेकीला बघून उठला नाही. ते त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांचे गुडघे बघून मला कळत होतं.

दहावीला ती अध्यक्षांच्या समोर पोचली. सरांचे पाय वाटेत होते. सरांनी तिच्याकडे बघितलं, मांडीवरची पानं उचलली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पाय आखडून घेतले. ती चौरंगापाशी गेली. ह्यांनी हात पुढं केला होता, तो तिनं धरला नाही. तिचे हात तेलानं आणि मातीनं माखले होते. ती ह्यांच्या बाजूला टेकून बसली, जशी रोज ओसरीत बसते तशी, आणि पुढचं पान उघडून दिलं.

“आधार मिळाला का सर?” वैरवननी विचारलं.

सरांनी चौरंगाकडे हात केला. मग म्हणाले, “पुढं वाचा, पुलवर.” सुडलैमुत्तू नाही म्हणाले.

हे चंद्राला बोलवायला लागले. सभा पुन्हा सैलावली, कुणी विडा काढला, पोरं खांबांभोवती फिरायला लागली. तेवढ्यात उशिरा आलेली एक बाई वाट काढत मागं आली. परगावची असावी, हातात ओटीचं ताट. माझ्या शेजारच्या रिकाम्या फरशीकडे बघून तिनं विचारलं, “इथं बसू का अक्का? कुणी नाही ना इथं?”

“माझी लेक बसते इथं,” मी म्हणाले. “पुढं गेलीये. येईल ती.”